नवा करून देत नाही

जुना फोटो फ्रेमसाठी आणणाऱ्या घरच्यांची मागणी बहुधा एकच असते: ‘अगदी नव्यासारखा करून द्या.’ मी फोटो स्वच्छ करतो. नवा करत नाही, आणि त्याचं कारण त्यांना बसवून सांगतो.

कृष्णधवल फोटो म्हणजे जिलेटिनच्या पातळ थरात धरून ठेवलेले चांदीचे बारीक कण. वर्षानुवर्षं दमट हवा लागली की ही चांदी विरघळून वर येते आणि गडद भागांवर, विशेषतः कडांना, निळसर झळाळी धरते. लोकांना तो मळ वाटतो, ते फडक्यानं घासतात. पण ती चांदी चित्राचीच असते. जितकी पुसाल तितकं चित्र कमी होतं. मी तिला हात लावत नाही.

बुरशीचं तर त्याहून वाईट. ती जिलेटिनच खाते, आणि जिथे खाल्लं तिथला थर पाण्यात विरघळण्याजोगा होतो. ओला कापूस फिरवला की डागाबरोबर गालही निघून येतो. म्हणून फोटो आधी कोरड्या हवेत ठेवायचा, बुरशी पूर्ण वाळली की तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशनं अलगद झटकायची. पूर्वी स्टुडिओत ओठ, दागिने, साडीचे काठ हातानं रंगवत. तशा फोटोजवळ पाण्याचा थेंबही नको.

पावसाळ्यात जिलेटिन फुगतं आणि काचेला चिकटतं. असा फोटो ओढून सोडवू नये. काचेतूनच त्याची प्रत काढावी आणि फोटो काचेसकट जपावा.

खरं तर बराचसा घात जुन्या फ्रेमनंच केलेला असतो: मागे प्लायवूड किंवा आम्लयुक्त पुठ्ठा, पुढे थेट काच. म्हणून माझा निम्मा वेळ माउंटवर जातो. आम्लरहित बोर्डाची खिडकी कापतो, म्हणजे काच फोटोला टेकत नाही. फोटो पूर्ण चिकटवत नाही. जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीनं फक्त वरच्या कडेला लावतो. हवेबरोबर कागद फुगतो, आक्रसतो, त्याला तेवढी मोकळीक हवीच.

चिरा बुजवणं, उडालेलं नाक पुन्हा आखणं हे सगळं स्कॅन केलेल्या प्रतीवर खुशाल करावं. भिंतीवर रोज ऊन येत असेल तर तिथे ती प्रतच लावा, असा माझा आग्रह असतो. मूळ फोटोच लावायचा असेल तर पावसाची ओल येणारी बाहेरची भिंत सोडून आतली निवडा, आणि मागे स्टुडिओचा शिक्का किंवा कुणाचं अक्षर असेल तर फ्रेम बंद करण्याआधी त्याचाही फोटो काढून ठेवा.