अडीच घरं

ओटा पुसून झाला, दुधाला विरजण लावलं, की माझे बुद्धिबळाचे तीन मिनिटांचे डाव सुरू होतात. दिवा मालवलेला, फोनचा उजेड तेवढा चेहऱ्यावर. समोर कोण आहे ते ठाऊक नसतं. नावाशेजारी एक झेंडा दिसतो, कधी पेरूचा, कधी पोलंडचा. तिकडे दुपार असेल, तिन्हीसांजा असतील. तीन मिनिटं तोही माझ्याइतकाच कासावीस असतो, एवढं मला पुरतं.

लहानपणी शिकले तो खेळ वेगळाच होता. मे महिन्याच्या दुपारी मामा एक चाल करून आडवा व्हायचा आणि चहाला उठल्यावर माझं उत्तर बघायचा. तिथे हरलं तरी का हरलो ते कळायचं. इथे कळायला फुरसत नाही. हार झाली की अंगठा आपोआप पुढच्या डावावर पडतो. दोन वर्षं मी रोज खेळले आणि दोन वर्षं होते तिथेच राहिले. खेळून खेळून खेळ सुधारेल असं वाटत होतं. पक्की झाली ती हरण्याची सवय.

मग एका रविवारी मुलाच्या अर्ध्या कोऱ्या वहीत शेवटचे तीस हरलेले डाव उतरवले. डाव नव्हे, नुसतं कारण, डावाला एक ओळ. घोडा. घोडा. वेळ. घोडा. वेळ. वाचताना कान गरम झाले. ओपनिंगचे व्हिडिओ मी जेवण लांबवून पाहिले होते. ओपनिंगपायी गेलेला डाव त्या तिसात एकच निघाला.

तेव्हा आधी घोडा धरला. महिनाभर फक्त घोड्याची कोडी, तीही घड्याळ बंद ठेवून. घोडा अडीच घरं जातो हे शेंबडं पोरही सांगेल. पण प्रत्येक उडीत तो घराचा रंग बदलतो, हे माहीत असूनही मी कधी वापरलंच नव्हतं. समोरच्याचा घोडा काळ्या घरात आहे, माझा राजा काळ्यात, वजीरही काळ्यात, तर पुढच्याच उडीला तो पांढऱ्यावर उतरून दोघांना एकदम धरू शकतो. तो आत्ता पांढऱ्यावर असेल, तर निदान या चालीपुरतं भय नाही. सुरुवातीला मी 'काळा, काळा, काळा' असं पुटपुटत बसायचे. काही आठवड्यांनी पुटपुटणं गळून पडलं. वाड्यातल्या जिन्याची निखळलेली पायरी अंधारातही पायाला कळते, तसं ते घर डोळ्यांना कळायला लागलं.

यात जादू नाही. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या दोघांनी खेळाडूंना पाच सेकंद पट दाखवून झाकला आणि जसाच्या तसा मांडायला सांगितला. डाव खराखुरा असला की मास्टर नवशिक्याच्या कितीतरी पुढे. मोहरे कसेही विखरून ठेवले की मास्टरचं ते वर्चस्व उरत नव्हतं. झटपट खेळणारा झटपट विचार करतो, ही माझी समजूत तिथेच मोडली. तो ओळखतो. आणि ओळख व्हायला पुन्हा पुन्हा, सावकाश भेटावं लागतं. समोरच्या इमारतीतला मुलगा तबल्याचा एकच कायदा ठाय लयीत तासभर घोटतो. पूर्वी मी खिडकी लावून घ्यायचे, आता नाही लावत.

उरली वेळ. ती भल्याभल्यांना पुरत नाही. २८ जुलै २०२५ ला बातुमीत महिला विश्वचषकाचा निकाल जलद डावांवर गेला. शेवटच्या डावात घड्याळात थोडं उरलेलं असताना कोनेरू हंपीसारखी खेळाडू चुकली आणि नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख जिंकली. माझं दुःख फारच घरगुती. माझ्याकडे राजा आणि हत्ती, समोर नुसता राजा, आणि माझी वेळ संपते. नुसत्या राजानं मात होऊ शकत नाही, म्हणून डाव बरोबरीत. जेवणाचं ताट वाढून झाल्यावर सांडावं तसं.

म्हणून रोज रात्री खेळण्याआधी दहा वेळा तेवढाच शेवट, कॉम्प्युटरसमोर, वीस सेकंदांत. हत्तीनं पट्टी अडवायची, आपला राजा जवळ आणायचा, समोरच्याचं अंगण चाल-चाल करत आवळत न्यायचं. बिनचूक खेळलं तर कुठूनही सोळा चालींत मात होते. मला पहिल्या रात्री तीस लागल्या आणि वेळ त्याआधीच संपली. आता दहातले आठ जमतात. कंटाळा येतो का? येतो. भाकरी थापण्याचाही येतो.

रेटिंग फार वाढलेलं नाही, विचारू नका. वहीतलं घोड्याचं पान मात्र गेला महिनाभर कोरं आहे. उंटाचं भरत आलंय.