ब्लॅक बुकचा भाव



डाळ असो की साडी, चार ठिकाणी भाव विचारल्याशिवाय मी घेत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. यंदा फेब्रुवारीत मात्र ज्याचे भाव काढले, ते सांगायला जरा लाज वाटते.

मुलगी बीएमएसच्या शेवटच्या वर्षाला. मुंबई विद्यापीठात शेवटच्या सत्राला प्रोजेक्ट लिहून, काळ्या कव्हरात सोनेरी अक्षरांत बांधून द्यायचा. मुलं त्याला ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. जानेवारीत सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं. मला पहाटे उठून खाकऱ्याच्या ऑर्डरी, म्हणून रात्री त्यांच्याजवळ मुलगीच. बारा दिवस उरले आणि एक पान लिहिलेलं नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “अहो, विकत मिळतं. सगळेच घेतात.”

हिशेबाच्या वहीत रकाने आखले. बोरिवली स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडे तयार पडलेलं १,२०० रुपयांत, बायंडिंगसकट, दोन दिवसांत. नवीन लिहून हवं तर ४,५०० आणि दहा दिवस. टेलिग्रामवरचा एक जण शब्दाला ५० पैसे. एका वेबसाइटवर पानाला २५०, तीन दिवसांत हवं तर ४००. साठ पानांचे २४,०००!

झेरॉक्सवाल्यानं दोन नमुने दाखवले. दोन्ही लिज्जत पापडवर. १९५९ साल, गिरगाव, सात बायका, ८० रुपयांचं कर्ज. वाक्यं तीच, स्पेलिंगच्या चुकाही त्याच. ते नको म्हटलं आणि टेलिग्रामवाल्याला १,००० रुपये अ‍ॅडव्हान्स पाठवला. “साम्य दहा टक्क्यांच्या आत,” तो म्हणाला. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, तिथून आलेला हा आकडा. पण यंत्र वाक्यं जुळवून बघतं. लिहिलं कोणी, हे त्याला कुठून कळणार? चार दिवसांत जमेल का, विचारलं. “दुप्पट पडतील. रात्र जागून लिहिणारी मुलगी आहे आपल्याकडे.” सूर्यास्तानंतर घास न घेणारी मी, काही बोलले नाही.

रविवारी देवळात स्वाध्यायाला तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय चालू होता. सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांतला तिसरा कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणं. इतकी वर्षं मला वाटायचं, हे खोटे दस्तऐवज करणाऱ्यांसाठी असेल. मग पंडितजींनी कृत, कारित, अनुमोदना समजावलं. लिहिणारी ती मुलगी, लिहवून घेणारी मी, आणि “सगळेच घेतात” म्हणणाऱ्या वहिनी. आमचा अख्खा मजला त्यात बसला!

तसं पैसे देऊन लिहवून घेणं आपल्याला नवं नाही. पूर्वी शास्त्रदानासाठी श्रावक लेखनिकाला श्लोकांच्या मापानं मोजून पैसे देत आणि पोथी लिहवून घेत. पण शेवटच्या पुष्पिकेत लिहिणाऱ्याचं नाव वेगळं असे, लिहवून घेणाऱ्याचं वेगळं. माझ्या रकान्यांत भाव होते, दिवस होते. लिहिणाऱ्याच्या नावाला जागाच नव्हती.

संध्याकाळी मुलीला सांगितलं, हे नको. ती चिडली. “आता सांगतेस? आठ दिवस राहिलेत, आई!” आणि रडली. बरोबरच होतं तिचं. भाव काढायला मला दोन दुपारी मिळाल्या होत्या, तिची रात्र वाटून घ्यायला मात्र नाही.

अ‍ॅडव्हान्स बुडाला. खाकऱ्याच्या ऑर्डरी आठ दिवस बंद ठेवल्या, दोन जुनी गिऱ्हाइकं त्यात गेली. रात्री सासूबाईंजवळ मी झोपू लागले. मुलीनं विषय घेतला घरून खाकरा-पापड करणाऱ्या बायकांचा. सोसायटीतल्या आणि देवळातल्या बावीस जणींकडून फॉर्म भरून घेतले. पुस्तक झालं एकेचाळीस पानांचं, वहिनींच्या मते फारच बारीक.

त्या बावीस जणींत मीही आहे. ‘भाव ठरवताना स्वतःच्या श्रमाचे पैसे धरता का?’ या प्रश्नापुढे माझ्या अक्षरात ‘नाही’ आहे.