चालू तेही दाखवा

परदेशातली मंडळं आपल्या संकेतस्थळावर कार्यक्रमांचं विजेट बसवून मागतात, तेव्हा मोबाइलवर जेमतेम चार ओळी मावतील एवढी चौकट मिळते. फिल्टर आलाच. न्यू जर्सीतल्या एका मंडळाला तमिळनाडूतल्या तिरुवैयारुची त्यागराज आराधनाच, म्हणजे संगीतकार त्यागराजांच्या पुण्यतिथीचा उत्सवच, हवा होता.

नावाने शोधावं तर क्लीव्हलँडही येतं. तिथे १९७८ पासून त्यागराजांचा उत्सव होतो, पण ईस्टरच्या सुमारास. शिवाय तिरुवैयारु, तिरुवय्यारु, जो तो आपल्या परीने लिहितो. म्हणून मी नावाच्या वाटेला जात नाही, स्थळाच्या आयडीवर फिल्टर लावतो. तारखेचंही तसंच. त्यागराज ६ जानेवारी १८४७ रोजी गेले, पण आराधना तिथीने, पौष वद्य पंचमीला: २०२४ मध्ये ३० जानेवारी, २०२५ मध्ये १८. 'दरवर्षी याच तारखेला' अशी खूण केली की फसलात.

खरा खोडसाळ 'आगामी'चा फिल्टर. तो पुष्कळदा सुरुवातीची वेळ बघतो. उत्सव पाच दिवसांचा. पहिली संध्याकाळ उलटली की यादीतून गायब! आणि त्यागराजांच्या पाच पंचरत्न कृती तर शेवटच्या दिवशी असतात. राग नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री. सकाळी नऊच्या सुमारास समाधीपाशी शेकडो गायक-वादक दाटीवाटीने बसून एकत्र गातात. म्हणून अट समाप्तीच्या वेळेवर लावायची. शिवाय तिरुवैयारुत सकाळचे नऊ, तेव्हा न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेदहा; तिथली १८ तारीख निवडणाऱ्याला पंचरत्न कृती सापडायच्याच नाहीत. मी दोन्हीकडच्या वेळा छापतो.

मंडळातल्या एका काकूंनी विचारलं, "अरे, फक्त मोठ्या गायकांचेच कार्यक्रम दाखवता येतील का?"

येतात की. एक टॅग लावला की काम झालं. पण तिरुवैयारुतच एकेकाळी बायकांना उत्सवात गायला मज्जाव होता. त्यागराजांच्या समाधीवर स्वतःच्या पैशाने मंदिर उभारणाऱ्या गायिका बंगळूर नागरत्नम्मांनाही! पुरुषांचे दोन तट होते, पेरिय कच्ची (मोठा तट) आणि चिन्न कच्ची (धाकटा तट). नागरत्नम्मांनी बायकांचा तिसरा उभा केला. सगळे एकत्र आले ते १९४० च्या सुमारास. आज तिथे नामवंतांच्या मागोमाग नवखेही काही मिनिटं गाऊन उठतात.

काकूंना एवढं सगळं सांगितलं नाही. 'गायन', 'वादन', 'नागस्वरम' एवढेच टॅग ठेवले, आणि 'सगळे दाखवा' हे बटण पहिलं.