भरवशाची गाडी

मराठीत ‘खात्री’ आणि ‘भरवसा’ हे दोन शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. तरीही त्यांच्याबरोबर येणाऱ्या क्रियापदांकडे पाहिले म्हणजे दोहोंतील भेद ध्यानात येतो. खात्री करून घेतात, भरवसा ठेवतात. खात्रीला पुरावा लागतो आणि भरवशाला बहुधा माणूस लागतो. ज्या गावात पिढ्यानपिढ्या राहणे झाले, तेथे हा भेद फारसा जाणवत नाही, कारण तेथे पुरावा आणि माणूस एकाच आळीत नांदत असतात. देश बदलला की तो जाणवू लागतो. २०१६ साली पुण्याहून न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरी राहावयास गेलेल्या एका चौकोनी कुटुंबाला तो जाणवला, आणि तोही अगदी साध्या व्यवहारात. त्यांना एक जुनी मोटार विकत घ्यावयाची होती.

घरातील कर्त्या पुरुषाचे बालपण एका फिकट निळ्या प्रीमियर पद्मिनीत गेले होते. फियाटच्या जुन्या ११०० वरून घडवलेली आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी त्याच्या वडिलांनी कित्येक वर्षे वाट पाहून मिळवली होती. ती बिघडत नसे असे नव्हे. खंबाटकीच्या घाटात तिचे पाणी हमखास उकळे. मग बॉनेट उघडून, दगडावर बसून, ती निवण्याची वाट पाहत सारे कुटुंब डबा उघडी. तरीही त्या घरात तिला भरवशाची गाडी म्हणत, कारण पेठेतील मिस्त्री तिचा आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकून आत काय बिघडले आहे ते सांगे, आणि सातारा-कोल्हापूरकडे कोणत्याही गावात तिचे सुटे भाग व ते बसवणारा हात सापडे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि न बिघडणारी गाडी म्हणजे काय याची ओळख मध्यमवर्गाला होऊ लागली. पण जुन्या पिढीच्या मनातील व्याख्या फारशी बदलली नाही. भरवशाची गाडी म्हणजे बिघडली तरी घरी आणून सोडणारी गाडी. तिच्या भोवती माणसे उभी आहेत, हेच तिचे बळ होते.

ऑकलंडमध्ये अशी माणसे नव्हती, आणि गाडीवाचून भागत नव्हते. या शहरात एके काळी ट्राम होत्या. १९५६ साली त्यांतील शेवटची धावली. पुढे १९५९ साली बंदरावरील पूल खुला झाला, द्रुतगती रस्ते वाढत गेले आणि त्यांच्या आधाराने शहर चहूकडे पसरले. अशा शहरात अंतर मोजावयाचे ते मोटारीच्या मिनिटांत. पत्नी परिचारिका होती. तिच्या पेशामुळेच कुटुंबाला येथे राहण्याची परवानगी मिळाली होती. आवश्यक ती नोंदणी होऊन दक्षिणेकडील एका रुग्णालयात तिला कामही मिळाले. पती अभियंता होता. त्याच्या अर्जांना सौजन्यपूर्ण नकार येत आणि त्यांतील बहुतेकांत स्थानिक अनुभवाचा अभाव हे एकच कारण निरनिराळ्या शब्दांत दिलेले असे. म्हणजे घर चालत होते ते तिच्या पाळ्यांवर. दुपारची पाळी रात्री अकरानंतर सुटे, तेव्हा घराच्या बाजूला जाणारी शेवटची बस निघून गेलेली असे. एक सहकारी स्त्री तिला काही आठवडे सोडीत राहिली. नंतर त्या स्त्रीची पाळी बदलली.

गाडीसाठी बाजूला काढलेली रक्कम आठ हजार डॉलर होती. त्या वेळच्या दराने साडेतीन लाखांहून अधिक रुपये. पुण्यातील घराचे सामान विकून आलेल्या पैशाचा तो मोठा हिस्सा होता. एकदा चुकले तर दुसऱ्यांदा निवडण्याची सोय नव्हती. आणि चुकल्याचा दंड मध्यरात्रीनंतर, द्रुतगती रस्त्याच्या कडेला, एकटीने तिलाच भरावा लागणार होता.

बाजार मात्र ओसंडून वाहत होता. न्यूझीलंडमध्ये एके काळी मोटारी जुळवण्याचे अनेक कारखाने होते. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जपानमधून वापरलेल्या गाड्या आणण्यावरील निर्बंध सैल झाले, पुढे १९९८ साली मोटारींवरील आयातशुल्क संपुष्टात आले आणि त्याच सुमारास उरलेसुरले कारखानेही बंद पडले. जपान हाही डाव्या बाजूने वाहने चालवणारा देश. तेथे नव्या खासगी गाडीची सरकारी तपासणी प्रथम तीन वर्षांनी व पुढे दर दोन वर्षांनी होते. ‘शाकेन’ या नावाची ही तपासणी खर्चिक असल्यामुळे पुष्कळ मालक चांगल्या स्थितीतील गाडी काढून टाकतात. त्या गाड्या लिलावात उभ्या राहतात, जहाजात चढतात आणि ऑकलंडच्या बंदरात उतरतात. ज्या देशात कुटुंब नव्याने आले होते, तेथील रस्त्यावरच्या गाड्याही मोठ्या संख्येने अशाच नव्याने आलेल्या होत्या.

हे साम्य पतीच्या लक्षात आले ते कागद चाळताना. लिलावात प्रत्येक गाडीचा एक तक्ता तयार होतो. त्यावर गाडीची बाह्याकृती रेखाटलेली असते. कोठे ओरखडा, कोठे पोचा, कोठे दुरुस्ती, हे अक्षरांनी दाखवलेले असते आणि कोपऱ्यात साडेतीन, चार, साडेचार असे गुण दिलेले असतात. अपघातानंतर सांगाडा दुरुस्त केलेल्या गाडीला अंकाऐवजी बहुधा ‘आर’ हे अक्षर मिळते. वर्षभरापूर्वी त्या दोघांचेही असेच गुण मांडले गेले होते: वयाचे इतके, शिक्षणाचे इतके, अनुभवाचे इतके. विमानतळावर गोडा मसाला आणि लोणच्याची बरणी जाहीर करून, उघडून दाखवावी लागली होती. गाड्याही बंदरावर किडे, माती आणि बिया यांसाठी तपासल्या जातात. पुढे २०१८ च्या फेब्रुवारीत जपानहून मोटारी घेऊन आलेली काही जहाजे, त्यांत एका उपद्रवी जातीचे ढेकण्या किडे सापडल्यामुळे, किनाऱ्यावरून परत पाठवण्यात आली. ती बातमी वाचून पत्नी बराच वेळ हसली होती.

परंतु साम्य सापडल्याने निवड सोपी होत नाही. कागद पुष्कळ काही सांगतात, आणि जे सांगत नाहीत ते अधिक महत्त्वाचे असते. विक्रेत्याने गाडीच्या काचेवर माहितीचे पत्रक लावलेच पाहिजे असा तेथील नियम. त्यावरून सालाचा आणि किलोमीटरच्या आकड्याचा बोध होतो. गाडीवर कोणाचे कर्ज आहे की काय हे सरकारी नोंदवहीत पाहता येते. रस्त्यावर चालवण्यास ती योग्य असल्याचे प्रमाणपत्र ठरावीक मुदतीने घ्यावे लागते. मात्र ते त्या दिवशी ब्रेक, दिवे, टायर, पट्टे आणि सांगाडा ठीक होते एवढेच सांगते. इंजिन आणखी किती वर्षे काढील याविषयी ते मौन पाळते. परवानाधारक विक्रेत्याकडून घेतल्यास १९९३ च्या ग्राहक हमी कायद्याचे संरक्षण मिळते, खासगी व्यवहारात ते मिळत नाही. त्या संरक्षणाची किंमत गाडीच्या किमतीत मिसळलेली असते. मागील दशकांत किलोमीटरचे आकडे मागे फिरवण्याचे प्रकार गाजले होते, त्यामुळे आकड्यावर विसंबण्याआधी त्याचाही दाखला मागणे रास्त होते. खात्री करून घेण्याच्या अशा किती तरी पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरी चढल्यावर पुढची दिसे.

अखेरीस तीन गाड्या उरल्या. पहिली एक युरोपीय बनावटीची, देखणी, दाराचा आवाज देखील श्रीमंत असलेली. किंमत आश्चर्य वाटावे इतकी कमी. तिची स्वस्ताई हेच तिच्याविषयीचे स्थानिक मत होते: भाग दुरून यावयाचे, आणि तिच्या गिअरपेटीत हात घालणारे थोडे. दुसरी सात जणांची जपानी गाडी. आजी-आजोबा राहावयास येतील तेव्हा सारे एकत्र बसतील, या एका चित्रावर ती जवळजवळ ठरलीच होती. तिसरी २००८ सालची टोयोटा कोरोला, ‘फील्डर’ नावाने जपानात विकली जाणारी, मागे सामानाला लांब जागा असलेली. ८६ हजार किलोमीटर चाललेली, रंगाने करडी, कोणाच्याही नजरेत न भरणारी.

पुण्याहून वडिलांचा फोन आला. “घेण्याआधी ओळखीच्या मिस्त्रीला दाखव रे. तो नुसता आवाज ऐकून सांगेल.”

“इथं ओळखीचा मिस्त्री कुठून आणू, बाबा?” मुलगा म्हणाला. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मुलाच्या परदेशी जाण्याचा पूर्ण अर्थ वडिलांना कदाचित त्या क्षणी कळला असावा.

निर्णय केला तो पत्नीने. सात जणांच्या गाडीत बसून ती म्हणाली, “आई-बाबा वर्षातून महिनाभर येतील. उरलेले अकरा महिने या रिकाम्या खुर्च्यांना पेट्रोल मी का पाजू?” पुण्यात तिने फक्त दुचाकी चालवली होती, मोटारीची लेखी व प्रत्यक्ष परीक्षा तिने येथेच दिली होती. त्यामुळे गाडी कशी असावी याविषयी तिच्या मनात आठवणींचे ओझे नव्हते. ती तिन्ही गाड्या तिने स्वतः चालवून पाहिल्या, आणि एक रात्री, दिवे लावून. मुलाची खुर्ची मागच्या आसनावर पट्ट्याने नीट बसते का, सहा वर्षांच्या मुलीला आपले दार आपण उघडता येते का, पावसात मागची काच दिसते का, हे तिचे प्रश्न होते. पतीने तोवर तयार केलेल्या लांबलचक कोष्टकात त्यांतील एकही प्रश्न नव्हता.

कोरोला तपासावयास नेली ती एका लहान गॅरेजमध्ये, ज्याचा विक्रेत्याशी संबंध नव्हता. गॅरेजचा मालक फिजीहून आलेला. १८७९ ते १९१६ या काळात गिरमिटिया म्हणून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या मजुरांपैकी कोणा एकाचा तो वंशज. फिजीतील १९८७ च्या लष्करी उठावानंतर त्याच्या घरच्यांनी दुसऱ्यांदा देश सोडला होता. त्याची हिंदी पुणेकर कानांना प्रथम चमत्कारिक वाटली: भोजपुरी-अवधीच्या मुशीत घडलेली, मध्येच इंग्रजीकडे वळणारी. गाडी वर चढवून त्याने खालून गंजाचा शोध घेतला, तेल बोटावर घेऊन पाहिले, चाकांजवळचे रबर दाबले, संगणकाची तार जोडून दोषांची नोंद वाचली. मग दार उघडून इंजिन सुरू केले आणि काही न बोलता, मान किंचित कलती करून, तो आवाज ऐकत उभा राहिला. पतीला पेठेतील मिस्त्री आठवला की नाही, हे त्याने कधी सांगितले नाही.

त्या माणसाचा अभिप्राय संयमी होता. या इंजिनात पट्टा नाही, साखळी आहे. म्हणजे लाख किलोमीटरला पट्टा बदलण्याचा मोठा खर्च नाही. पुढचे ब्रेक वर्षभरात मागणी करतील. गिअरपेटीतील तेल ताबडतोब बदलावे, कारण ते कधी बदलले याचा पत्ता नाही. आजवर ही गाडी कोणी कशी चालवली हे आपण सांगू शकत नाही. येथून पुढे कशी ठेवता ते तुमच्या हाती. आणि सहा महिन्यांनी घेऊन या.

त्या तपासणीने जेवढी खात्री मिळावयाची तेवढी मिळाली होती, आणि ती अपुरीच होती; दुसऱ्या कोणाच्या हातून आलेल्या वस्तूविषयी ती पुरी कधीच होत नाही. व्यवहार पुढे गेला तो ‘सहा महिन्यांनी या’ या शेवटच्या वाक्यावर. कोणी तरी पुन्हा भेटण्याची भाषा केली होती. २०१७ च्या हिवाळ्यात, म्हणजे जुलैत, गाडी घरी आली. पुढच्याच वर्षी एका लहान कंपनीने पतीला तीन महिन्यांच्या बोलीवर कामावर घेतले. तेथेही त्याचा पूर्वेतिहास कोणी पूर्णपणे वाचला होता असे नाही. त्याला चालवून पाहिले गेले, आणि ठेवून घेतले गेले.

ती गाडी सुरू करताच एक जपानी स्त्रीस्वर दररोज काही तरी बजावतो. जपानातील पथकराचे कार्ड यंत्रात घातलेले नाही, असा त्याचा अर्थ आहे. जे रस्ते मागे राहिले त्यांची ती आठवण आहे. तो आवाज काढून टाकता येतो. पत्नीने काढू दिलेला नाही. मध्यरात्री रुग्णालयाच्या मोकळ्या वाहनतळावर तो ऐकू आला की गाडी सुरू झाली, एवढे तिला पुरते. मुलगी लहान असताना त्याला मराठीतून उत्तर देत असे.

दुरुस्तीच्या नोंदींची पुस्तिका गाडीच्या कप्प्यात असते. तिची पहिली पाने जपानी लिपीत आहेत, शिक्के मारलेली, कोणा अनोळखी मालकाच्या नेटकेपणाची साक्ष देणारी. पुढील पानांवर देवनागरी आहे: तेल बदलले, पुढचे ब्रेक, टायर दोन, बॅटरी. अक्षर पत्नीचे आहे. २०२३ साल सरता सरता गाडीने दोन लाख किलोमीटर पूर्ण केले, तेव्हा तिने त्या दिवसाच्या तारखेपुढे तो आकडा लिहिला, आणि खाली नेहमीप्रमाणे पुढच्या तपासणीचा महिना.