सोसण्याचा सोस

गंधपुऱ्याच्या तेलाचा वास आला की माझ्या मनात कोल्हापूरची एक पहाट उगवते. परवा एसटीत शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पिशवीतून छोटी बाटली काढली, धोतर किंचित वर सारून गुडघ्याला चार थेंब लावले आणि डोळे मिटून ते हळूहळू चोळू लागले. खिडकीबाहेर ऊन चढलेलं होतं, तरी माझ्याभोवती धुकं दाटून आलं. रंकाळ्यावरचं, डिसेंबरातलं धुकं, ज्यात आधी पावलांचा आवाज ऐकू येतो आणि मग माणूस दिसतो.

तो माणूस म्हणजे आमच्या गल्लीतले एक काका. कोल्हापुरात फुटबॉल हा पेठांचा खेळ. शाहू स्टेडियमवर सामना असला की दुपारपासून गल्ल्या ओस पडतात, आणि तालमीच्या नावावरून माणसं जितकी भांडतात तितकी घराच्या वाटणीवरूनही भांडत नसतील. काका आमच्या पेठेकडून बारा-तेरा वर्षं खेळले. मग एका हंगामात त्यांचं नाव संघात आलं नाही. कोणी काही बोललं नाही, त्यांनीही विचारलं नाही. बूट तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेले. पुढच्या थंडीत ते पळायला लागले. आधी रंकाळ्याला एक फेरी, मग तीन, आणि मग एका पहाटे थेट जोतिबाचा डोंगर. चैत्रात जोतिबाला चालत जाणारे पुष्कळ असतात, पण यात्रा नसताना, नवस नसताना, पस्तिशी ओलांडलेला माणूस डोंगर पळत चढतो हे गल्लीला उमजेना. ते जाताना पाण्यासाठी औषधाची एक जुनी, तपकिरी काचेची बाटली बरोबर नेत. कट्ट्यावर लगेच कुजबुज सुरू झाली. ‘ह्या वयात कुठनं येतंय एवढं बळ? कायतरी घेत असणार.’ आणि मग दुसरा कोणी हळूच म्हणे, ‘त्या बाटलीत काय असतंय, विचारा की.’

विचारलं मात्र कोणीच नाही.

या काकांची आठवण मला फार वर्षांनी, फार दूरच्या एका माणसामुळे पुन्हा आली. लुईस एन्रिके, स्पेनचा फुटबॉलपटू. आज त्याला जग प्रशिक्षक म्हणून ओळखतं, पण माझ्या डोळ्यांसमोर तो आधी येतो 1994 च्या विश्वचषकातला: अमेरिकेतल्या त्या उपांत्यपूर्व सामन्यात इटलीच्या तासोत्तीचं कोपर लागून नाक फुटलेला, जर्सी रक्तानं माखलेली, संतापानं रडवेला झालेला चोवीस वर्षांचा पोरगा. पंचांना तो घाव दिसलाच नव्हता. तेव्हा तो रेआल माद्रिदचा होता, पुढे बार्सिलोनाचा झाला, आणि 2004 साली त्यानं खेळ थांबवला. पुढच्या वर्षी तो न्यूयॉर्कच्या मॅरेथॉनमध्ये धावत होता. त्याच्या पुढच्या वर्षी ॲम्स्टरडॅम. 2007 साली फ्रँकफर्टची आयर्नमॅन, म्हणजे 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि त्यानंतर उरल्यासुरल्या बळावर पूर्ण मॅरेथॉन. त्याच वर्षी फ्लोरेन्समध्ये मॅरेथॉन 2 तास 57 मिनिटं 58 सेकंदांत. आणि 2008 साली मोरोक्कोतल्या सहारामध्ये, आपलं अन्न आपल्याच पाठीवर बांधून, टप्प्याटप्प्यानं सुमारे 250 किलोमीटरची ती वाळूतली धाव. ज्याच्या नावानं साठ-सत्तर हजार माणसं ओरडत त्या माणसानं, जिथे ओरडायला कोणी नाही अशी जागा शोधून काढावी, याचं मला अजून नवल वाटतं.

आपल्या भाषेत सोस आणि सोसणं हे शब्द किती जवळजवळ राहतात. सोस म्हणजे हव्यास, एखाद्या गोष्टीची न शमणारी ओढ. सोसणं म्हणजे मुकाट्यानं भोगणं. लहानपणी आजी म्हणायची, याला उन्हातान्हात हिंडायचा भारी सोस; आणि तीच संध्याकाळी पाय चेपता चेपता म्हणायची, बाई, फार सोसलं गं. दीर्घ पल्ल्याची धाव या दोन शब्दांच्या मधल्या चिंचोळ्या बोळातून जात असावी. तिथे माणूस सोसण्याचाच सोस धरतो.

फुटबॉलपटूला तर ही ओढ फार लवकर लागते आणि फार लवकर अनाथ होते. एका सामन्यात तो दहा-बारा किलोमीटर धावतो, पण ती धाव तुकड्यातुकड्यांची: झेप, थांबा, वळा, पुन्हा झेप. पंधरा-वीस वर्षं त्याचं हृदय आणि फुप्फुसं या तालावर घडवली जातात. मग पस्तिशीच्या आसपास, जेव्हा त्याच्या वयाचा कारकून नुकता बढतीची वाट पाहू लागलेला असतो, तेव्हा याला सांगितलं जातं की झालं, आता पुरे. शरीराला हा निरोप कोण देणार? ते पहाटे उठून बसतं. आर्येन रॉबेनचं मला असंच वाटलं. उभी कारकीर्द दुखापतींनी पोखरलेली, स्नायू सारखे दगा देणारे. 2021 साली तो निवृत्त झाला तेव्हा आता हा पाय वर करून निवांत बसेल असं वाटलं होतं. पुढच्याच एप्रिलमध्ये तो रॉटरडॅमच्या रस्त्यावर होता, 3 तास 13 मिनिटांत मॅरेथॉन पुरी करत. ज्या पायांनी त्याला आयुष्यभर छळलं त्यांच्याशी त्यानं जणू निवांत बसून बोलणी केली, पळता पळता.

पण मला एक कबूल करायला हवं. फ्लोरेन्सचा तो आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मनात आधी जे आलं ते कौतुक नव्हतं. कट्ट्यावरचा तो जुना आवाज होता. एन्रिकेविरुद्ध पुरावा म्हणावा असं काहीही माझ्यापुढे नव्हतं, आजही नाही, तरी तो आवाज उठला. तो कुठून आला याचा मी मागोवा घेत गेलो तेव्हा पोहोचलो एका दुसऱ्याच निवृत्त माणसापाशी. 2006 च्या नोव्हेंबरात लान्स आर्मस्ट्राँगनं सायकल बाजूला ठेवून न्यूयॉर्क मॅरेथॉन धावली होती: 2 तास 59 मिनिटं 36 सेकंद. तेव्हा आपण भारावलो होतो. सहा वर्षांनी त्याची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं काढून घेतली गेली आणि 2013 च्या जानेवारीत त्यानं दूरचित्रवाणीवर उत्तेजकं घेतल्याचं मान्य केलं. एक आकडा तीन तासांच्या किंचित आत, दुसराही तीन तासांच्या किंचित आत. खोटं बोललेल्या माणसाच्या आकड्याची सावली शेजारच्या आकड्यावर पडली, आणि मी ती पडू दिली.

सावलीला कारणंही आहेत. शरीरात प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंडं एक संप्रेरक सोडतात आणि अस्थिमज्जेत तांबड्या पेशी अधिक तयार होऊ लागतात. डोंगरावर राहणाऱ्यांच्या रक्तात हे निसर्गच घडवतो. तेच संप्रेरक, ईपीओ, प्रयोगशाळेत तयार झालं ते मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी. थकलेल्या, पांढऱ्याफटक पडलेल्या माणसांच्या गालांवर रंग यावा म्हणून. दम वाढावा म्हणून खेळाडूंनी ते पळवलं. ते पकडणारी चाचणी ऑलिंपिकमध्ये आली 2000 साली, सिडनीत. मग कोणी आपलंच रक्त काढून साठवायचं आणि शर्यतीआधी परत भरून घ्यायचं, हा जुना मार्ग पुन्हा धरला. 2006 च्या मे महिन्यात स्पॅनिश पोलिसांनी माद्रिदमध्ये युफेमियानो फ्युएन्तेस या डॉक्टरच्या जागांवर छापे घातले तेव्हा शीतकपाटांत रक्ताच्या दोनशेहून अधिक पिशव्या सापडल्या. पिशव्यांवर नावं नव्हती, खुणा होत्या. सायकलपटू इव्हान बास्सोची खूण होती बिरिल्यो आणि वाल्व्हेर्देची पिती, आणि ही दोन्ही त्यांच्या घरच्या कुत्र्यांची नावं. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. माणूस लपवालपवी करायला बसतो तेव्हाही त्याला आठवतं ते दारात शेपटी हलवत वाट पाहणारं जनावर.

तेव्हा स्पेनमध्ये डोपिंग हा फौजदारी गुन्हाच नव्हता, त्यामुळे खटला चालला तो सार्वजनिक आरोग्य धोक्यात आणल्याचा. फ्युएन्तेसनं सांगितलं की आपल्याकडे इतर खेळांतले लोकही येत, त्यांत फुटबॉलपटूही होते. न्यायालयानं नावं सांगायला लावली नाहीत. 2013 साली पिशव्या नष्ट करण्याचा आदेश झाला, 2016 साली तो फिरला आणि पिशव्या तपासणाऱ्यांच्या हाती देण्याचं ठरलं, तोवर कारवाईची मुदत सरली होती. बाकीची नावं जाहीर झालीच नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं, आणि ते गुन्हेगार सुटले म्हणून तितकंसं नाही. न उघडलेली पिशवी कोणा एकाची राहत नाही. ती त्या काळात, त्या देशात घाम गाळलेल्या प्रत्येकाच्या अंगणात येऊन पडते, आणि ज्याचं रक्त त्यात कधी नव्हतंच त्याला ते सिद्ध करायची सोयच उरत नाही.

एन्रिकेचा बार्सिलोनातला सहकारी पेप गार्डिओला. 2001 साली इटलीत ब्रेशियाकडून खेळताना त्याच्या नमुन्यात नँड्रोलोन आढळल्याचं जाहीर झालं आणि चार महिन्यांची बंदी आली. तो पहिल्या दिवसापासून नाही म्हणत राहिला. या द्रव्याचे अंश अगदी अल्प प्रमाणात शरीर स्वतःही तयार करू शकतं, म्हणून ही प्रकरणं नाजूक असतात. अपील न्यायालयानं त्याला निर्दोष ठरवलं ते 2007 साली. सहा वर्षं. तोवर त्याचं खेळणं संपलेलं होतं. डाग लागल्याची बातमी चार रकान्यांची असते. तो धुतला गेल्याची बातमी त्या दिवशी किती जणांनी वाचली असेल?

फ्लोरेन्सच्या आकड्याचा मी नंतर शांतपणे हिशेब मांडला. किलोमीटरला साधारण 4 मिनिटं 13 सेकंद. त्याच वर्षी बर्लिनमध्ये हैले गेब्रसेलासीनं 2 तास 4 मिनिटं 26 सेकंदांचा विश्वविक्रम केला होता, म्हणजे एन्रिके त्याच्या त्रेपन्न मिनिटं मागे. आयुष्यभर खेळलेल्या, दोन वर्षं नेटानं सराव केलेल्या सदतीस वर्षांच्या माणसाला हे अशक्य वाटावं असं त्यात काहीच नाही. कष्टानं येणारा आकडा आहे, चमत्कारानं येणारा नाही. मग कट्टा का कुजबुजतो? कदाचित कष्ट दिसत नाहीत म्हणून. पहाटे पाचला एकट्यानं केलेले वीस किलोमीटर कोणी पाहिलेले नसतात. आपल्याला दिसतो तो एकदम निकाल, आणि रिकाम्या जागेत आपण एक सुई ठेवून देतो. पदक नाही, बक्षीस नाही, मागच्या गर्दीत धावणाऱ्याची चाचणीही सहसा कोणी घेत नाही. अशा धावेत फसवून मिळणार तरी काय, हा प्रश्नही पडतो. पण त्यावर मी फार भिस्त ठेवत नाही. तरुणपणाचा एखादा तुकडा परत मिळावा म्हणून माणसं स्वतःलाही फसवतात.

आमच्या गावात तर खुराकाची केवढी मातब्बरी. गंगावेशीत म्हैस समोर उभी करून धार काढून दिलेलं फेसाळ दूध, तालमीतली बदाम घोटलेली थंडाई, तुपात भिजलेला रतीब. बळ बाहेरून पोटात येतं हे आम्हाला जन्मापासून ठाऊक, आणि त्यात काही वावगं वाटत नाही. कट्ट्यावरच्यांना बळाचा उगम विचारावासा वाटला यात नवल नाही. खुराक कुठे संपतो आणि औषध कुठे सुरू होतं, ही रेघ त्यांनी कधी ओढून पाहिली नव्हती. बाटली औषधाची होती, एवढं त्यांना पुरे झालं.

त्यांनी मला विचारायला हवं होतं. मी अकरा वर्षांचा होतो आणि जोतिबाच्या रस्त्यावर काकांच्या मागे सायकल हाणत असायचो, ती बाटली हँडलला सुतळीनं बांधून. आदल्या रात्री ती मीच भरायचो, त्यांच्या स्वयंपाकघरात, काकू ओट्याशी भाकऱ्या थापत असताना: गुळाचं पाणी, अर्धं लिंबू, चिमटीभर मीठ. चढाच्या एका वळणावर काका थांबत, कमरेवर हात ठेवून खाली पसरलेल्या धुक्याकडे बघत. एकदा मी विचारलंही, ‘काका, आता कशाला पळता?’ त्यांनी बराच वेळ श्वास गोळा केला. ‘पायांस्नी सवय हाय रे,’ म्हणाले, ‘थांबलो की दुखत्यात.’ मग चार घोट घेऊन त्यांनी बाटली माझ्यापुढे धरली, ऱ्हायलेलं तू पी म्हणून, आणि ते वर निघाले. बाटलीच्या तोंडाला त्यांच्या हाताच्या गंधपुऱ्याचा वास लागलेला होता. तो घोट घेताना मी धुक्यात ऐकत राहिलो, पुढे पुढे जाणारी ती पावलं.