खडवलीस एक दिवस

कल्याणास कसाऱ्याच्या गाडींत बसलें कीं शहाड, आंबिवली व टिटवाळा हीं स्टेशनें मागें टाकून गाडी खडवलीस येऊन उभी राहते. टिटवाळ्यास गणपतीच्या दर्शनासाठीं उतरणारी मंडळी पुष्कळ. आम्हीही तेथवर अनेकदां गेलों आहों. परंतु त्याच्या पुढील स्टेशनावर उतरून चार पावलें चालण्याचा योग, जन्मभर कल्याणांत राहूनही, आम्हांस साठी उलटल्यावर आला, हें सांगतांना थोडी लाज वाटते. गेल्या आषाढांत तो योग आमच्या एका बालमित्रानें आणिला.

हा मित्र व आम्ही एका बांकावर बसून मॅट्रिक झालों. पुढें पाठशाळेंत थोडें संस्कृत शिकून आम्ही शाळामास्तर झालों. तो इंजिनिअर झाला, व नाशिकजवळ ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यांत त्याची हयात गेली. हा कारखाना १९६४ सालीं निघाला. रशियन परवान्यानें मिग-२१ जातीचीं लढाऊ विमानें तेथें बांधण्यांत येत. पुढें सुखोई विमानेंही तेथें होऊं लागलीं. 'आधीं मी निवृत्त झालों, मग माझीं विमानें,' असें तो हंसून सांगत असतो, आणि तें अक्षरशः खरें आहे. २०२५ च्या सप्टेंबरांत भारतीय वायुदलानें मिग-२१ विमानांस अखेरचा निरोप दिला.

खडवलीच्या बाजूस त्याच्या घराण्याची बरीच जमीन होती. १९५७ च्या १ एप्रिलास कुळकायद्यानें कसणारे जमिनीचे मालक झाले, तेव्हां तींतील बहुतेक त्यांच्याकडे गेली. 'गेली तें योग्यच झालें. आम्हीं ती कधीं कसलीच नव्हती,' असें तो म्हणतो. उरलेल्या दीड एकरावर दोन खोल्यांचें कौलारू घर बांधून तो आतां राहतो. शेजारीं ज्यांचें शेत आहे ते वृद्ध गृहस्थ त्याच्या आजोबांच्या कुळाचे नातू. सारे त्यांस दादा म्हणतात.

आम्ही उतरलों तेव्हां पावसाची रिपरिप चालू होती. प्रथम भातसा नदीचें दर्शन घेतलें. पाणी तांबूस, फुगलेलें, व वेग असा कीं कांठीं उभें राहण्यासही धीर होईना. सुटीच्या दिवशीं येथें सहलीस येणारांपैकीं कांहीं जण पाण्याचा अंदाज न आल्यामुळें दरसाल प्राणांस मुकतात. ह्याच नदीवर वरच्या अंगास, शहापूर तालुक्यांत, मोठें धरण आहे, व मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचा निम्म्याजवळपास भाग त्यांतून जातो. त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत मात्र टँकरची वाट पाहावी लागते. नळ सोडून निश्चिंतपणें दांत घासणाऱ्या आम्हां शहरवासीयांनीं हें एकदां ध्यानांत आणावें.

मित्राच्या घरीं पोंचलों तों पडवीच्या भिंतीवरील एका फळीनें आमचें लक्ष वेधिलें. फळीवर विळा, कोयता, कुदळ, टिकाव, फावडें यांच्या आकृति पांढऱ्या रंगानें काढलेल्या होत्या, व ज्याचें त्याचें अवजार ज्याच्या त्याच्या आकृतीवर टांगलेलें होतें. एक आकृति मात्र रिकामी होती.

'विळा शेतांत राहिला आहे,' आम्हांस बसावयास सांगण्यापूर्वींच तो म्हणाला.

विमानांच्या कामांत हीच रीत असते. दिवसाच्या अखेरीस एखादा पाना कमी भरला तर तो सांपडेपर्यंत विमान सोडीत नाहींत. कारण आंत विसरलेलें हत्यार एखाद्या भागांत अडकलें तर वैमानिकाच्या प्राणांवर बेतावयाचें.

'पण विळ्यानें कोणाचा प्राण जाणार?' आम्हीं विचारलें.

'चिखलांत पडलेला विळा अनवाणी पायास लागतो. शेतांत अनवाणी कोण उतरतें, तें दुपारीं पाहा.'

त्याच्या बोलण्यांत गांवाचें कौतुक फारसें नव्हतें, चुकांचा हिशेब अधिक होता. पहिल्या वर्षीं त्यानें दुर्बीण लावून जमिनीची पातळी मोजली, कागदावर नकाशा काढला आणि भक्कम बांध घातला. दादांनीं तो पाहून एवढेंच विचारलें, 'पाणी जाईल कुठून?' नकाशांत पाण्यास वाट ठेवलेली होती. परंतु वरच्या चार खाचरांचें पाणी एकदम कोठें उतरतें, हें नकाशास ठाऊक नव्हतें. एका रात्रीं बांध फुटला. त्याच्या शेताबरोबर दादांच्या खालच्या खाचरांतील नुकतींच लावलेलीं रोपेंही वाहून गेलीं. सकाळीं दादा खांद्यावर फावडें टाकून बांध धरावयास आले. नुकसान भरून देऊं केलें तेव्हां म्हणाले, 'पैसं राहू द्या. पुढल्या सालीं आधी इचारा, म्हंजे झालं.'

'कारखान्यांत प्रत्येक कामाखालीं करणाराची सही असे, व तपासणाराची वेगळी,' आमचा मित्र म्हणाला. 'मला वाटे, अशी जबाबदारी गांवांत कोठून असणार? येथें बांध हीच सही आहे, आणि पाऊस ती तपासतो.'

तेव्हांपासून तो दादांस विचारतो. आणि दादाही अलीकडे त्यास विचारूं लागले आहेत. नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनीं चिखलणी व लावणी यांवांचून, गादीवाफ्यांवर बीं टोकून भात घेण्याची रीत प्रचारांत आणली आहे. ती पुढील वर्षीं एका खाचरांत करून पाहावी, असें दोघांचें ठरलें आहे. एकाच खाचरांत, हें दादांचें म्हणणें.

तांदळाची भाकरी व टाकळ्याची भाजी असा बेत होता. जेवतांना डॉ. श्रीनाथ कलबाग यांची गोष्ट निघाली. अमेरिकेंत खाद्यतंत्रज्ञानाची डॉक्टरेट मिळवून हे गृहस्थ हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधनखात्यांत मोठ्या हुद्द्यावर होते. मुदतीपूर्वीं नोकरी सोडून त्यांनीं १९८३ सालीं पुणें जिल्ह्यांतील पाबळ ह्या अवर्षणी गांवीं पत्नी मीराबाई यांसह विज्ञान आश्रम काढिला, व २००३ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांनीं तोच उद्योग केला. शाळा सुटलेलीं मुलें तेथें लोखंडकाम, बांधकाम, विजेचें काम, शेती, पशुपालन अशीं गांवास खरोखर हवीं असलेलीं कामें करीत करीत शिकतात. आणि काम करतांना अडलें कीं त्यामागील गणित व विज्ञान त्यांस शिकवावयाचें, ही तेथील पद्धति. आमच्या शाळेंत आधीं सूत्र, मग उदाहरण, आणि काम कधींच नाहीं, असा क्रम होता.

आम्हीं शंका काढली, 'म्हणजे ह्या मुलांनीं गांवांतच राहावें काय?'

'मुळींच नाहीं,' तो म्हणाला. 'दीड एकर भातावर घर चालत नाहीं. माझें शेत बँकेच्या व्याजावर पिकतें, हें मी कोणापासून लपवीत नाहीं. दादांचा नातू रोज पहांटेच्या गाडीनें ठाण्यास कामावर जातो. त्यास शेतीचें माहात्म्य मीं सांगणें म्हणजे जेवलेल्यानें उपाशाला एकादशी सांगण्यासारखें आहे. तो गेला याचें मला वाईट वाटत नाहीं. आपणांस कांहींच येत नाहीं अशा समजुतीनें गेला, याचें वाटतें. अरे, त्या पोराला पाण्याचा उतार नुसत्या नजरेनें कळतो! मला दुर्बीण लावूनही कळला नाहीं. ही समजूत त्याला कोणीं दिली?'

आमचा घांस हातांतच राहिला. पस्तीस वर्षांच्या मास्तरकींत, धडा न येणाऱ्या मुलास 'जा, नांगर धर' असें आम्हीं किती वेळां म्हटलें असेल, याची गणती नाहीं. वर्ग हंसे. शेतकऱ्यांचीं मुलेंही हंसत, हें तर अधिक वाईट. एकदां एक मुलगा न हंसतां म्हणाला, 'गुरुजी, नांगर धरतां येतो मला.' आम्हीं तें उत्तर उद्धटपणाचें मानिलें व त्यास तासभर बांकावर उभें केलें. त्याचें नांव आज आम्हांस आठवत नाहीं. त्याचे शब्द मात्र आठवतात.

दुपारीं पावसानें उसंत घेतली. दादांच्या शेतांत त्यांची सून व तीन बाया लावणी करीत होत्या. धोतर वर खोंचून आम्हीही उतरलों. दोन-तीन रोपें चिमटींत धरून तीं चिखलांत नेमकीं किती रोंवावीं, यांत सारें आहे. खोल गेलीं तर फुटवे कमी येतात, वर राहिलीं तर पाण्यावर तरंगतात. आमचीं तरंगलीं. सूनबाईंनीं कांहीं न बोलतां आमची ओळ मागाहून पुन्हां लावली. आम्हीं तें पाहिलें व म्हटलें, 'बाई, एकदां हळू करून दाखवा.' त्यांनीं दाखविलें, आम्हांस जमलें नाहीं, पुन्हां दाखविलें. आम्हीं कोणा विद्यार्थ्यास एवढ्या शांतपणें तीच गोष्ट पांच वेळां दाखविल्याचें स्मरत नाहीं. तासाभरांत आमची एक ओळ उभी राहिली, आणि कंबर मात्र आठ दिवस उभी राहिली नाहीं.

परतीच्या गाडींत एक शब्द मनांत घोळत होता. संस्कृतांत कृष् हा धातु आहे. त्याचा अर्थ ओढणें, नांगरणें. त्यापासून कृषि, आणि मागें उत् हा उपसर्ग लागला कीं उत्कर्ष. ही फोड आम्हीं फळ्यावर शेंकडों वेळां करून दाखविली, बरोबर लिहिणारांस गुण दिले, आणि त्याच फळ्यासमोर उभ्या असलेल्या मुलास नांगराचें नांव घेऊन लाजविलें. नांगर धरतां येतो म्हणणाऱ्या त्या मुलानें त्या दिवशीं उत्कर्षाचा अर्थ आमच्यापेक्षां बरोबर सांगितला होता.

निघतेवेळीं पाहिलें तों फळीवरील रिकामी जागा भरली होती. विळा सांपडला होता. मित्र म्हणाला, 'कापणीस येणार असलास तर आधीं कळव. फळीवर आणखी एका विळ्याची आकृति काढून ठेवतों.'

आम्हीं कळविलें आहे.