काश्गरहून आलेली डाक

कुठे ते तकलामकानच्या वाळवंटाच्या टोकाचं काश्गर आणि कुठे आपली दिल्ली! पण चीनच्या पार पश्चिमेकडच्या त्या गावातल्या कुरबुरी, अफवा, भानगडी आपल्या राष्ट्रीय अभिलेखागारात बांधून ठेवल्यात, हे मला ठाऊकच नव्हतं हो! ‘अभिलेख पटल’ या त्यांच्या संकेतस्थळावर भलतंच काही शोधत होते, ‘काश्गर डायरी’ दिसली, उघडली, आणि रात्रीचं जेवण राहिलं ते राहिलंच.

लिहिणारा जॉर्ज मॅकार्टनी. वडील स्कॉटिश, आई चिनी. १८९० साली यंगहजबंड या ब्रिटिश अधिकाऱ्याचा दुभाषा म्हणून आला आणि १९१८ पर्यंत तिथेच! हुद्दा मात्र लटपटता: काश्मीरच्या रेसिडेंटचा चिनी कामकाजापुरता सहायक. चिनी सरकार त्याला कित्येक वर्षं कॉन्सल मानेचना. शेजारी रशियाचा कॉन्सल पेत्रोव्स्की, दिमतीला कोसॅक शिपाई, तोरा विचारू नका. मध्यंतरी त्याने मॅकार्टनीशी दोन-अडीच वर्षं अबोलाच धरला! मग हा बापडा काय करणार? कान टवकारून बसणार. यारकंद, खोतानसारख्या गावांत हिंदी व्यापाऱ्यांचा एकेक म्होरक्या असे, अक्सकाल. त्यांच्याकडून खबरा यायच्या, शिकारपुरी सावकारांचे तंटे यायचे, आणि ते सगळं हरकाऱ्यांच्या पाठीवरून हुंझा-गिलगिटमार्गे हिंदुस्थान सरकारच्या टेबलावर. कुठल्या अंमलदाराची बदली झाली इथपासून!

आणि मग १९१२. जानेवारीत उत्तरेकडच्या इली भागात बंड. १२ फेब्रुवारीला बीजिंगमध्ये सहा वर्षांच्या सम्राटाच्या नावाने गादी सोडल्याचं फर्मान. साम्राज्य बुडालं, पण काश्गरचा ताओताय, म्हणजे तिथला सर्वांत बडा चिनी अधिकारी, अजून खुर्चीवरच. मे महिन्यात गेलाओहुई या गुप्त संघटनेच्या माणसांनी त्याला मारलं. बायकोलाही. मारणारेही चिनीच!

तुम्हाला वाटेल, मॅकार्टनीला रयतेचा कळवळा आला असेल. छे! त्याला धास्ती वेगळीच: गोंधळाचं निमित्त करून रशिया फौज घुसवील. हे ध्यानात आलं आणि मागची सगळी पानं मी पुन्हा पहिल्यापासून काढली. सावकाराचं भांडण, बाजारातली आवई, बदलीची खबर. प्रत्येक ओळीवर त्याचा एक डोळा शेजारच्या कोसॅकांवर!

आणि धास्ती खोटी नव्हती. त्याच उन्हाळ्यात रशियन पलटण काश्गरात दाखल झालीच. आता त्याची फाइल शोधतेय, कुणाला क्रमांक ठाऊक असेल तर सांगा ना!